वस्तीकडचं पाणी

प्रतिक्षा कुठं कामाला आहे असं कुणी विचारलं, की तिची आई म्हाळसा "पाण्याच्या खात्यात" एवढंच सांगायची आणि लगेच विचारणाऱ्याच्या पोराबाळांची चौकशी सुरू करायची. त्यात खोटं काही नव्हतं. इंदापूरच्या खालच्या अंगाला, गावातल्या गटारांचं पाणी जिथं एका मोठ्या नळातून येऊन पडतं, तिथल्या सांडपाण्याच्या प्लँटवर प्रतिक्षा केमिस्ट होती. आलेलं पाणी तपासायचं, टाक्यांवर नजर ठेवायची आणि साफ झालेलं पाणी सोडायच्या लायकीचं आहे की नाही ते ठरवायचं, हे तिचं काम. पण "गटाराचं पाणी साफ करती" हे शब्द म्हाळसाच्या जिभेवर काही येत नसत. निदान पोरीचं लग्न जुळेपर्यंत तरी नाहीच.

प्रतिक्षालाही सुरुवातीला ते जड गेलं होतं. बारामतीच्या कॉलेजात रसायनशास्त्र घेऊन ती बीएस्सी झाली तेव्हा तिच्या डोळ्यांपुढं दूध डेअरीची नाहीतर साखर कारखान्याची लॅब होती. पांढरा कोट, काचेची भांडी, पंख्याखालची खुर्ची. त्या जागा मिळाल्या नाहीत. मिळाली ती बारामतीत एका सांडपाण्याच्या प्लँटवर वर्षभराची शिकाऊ जागा. पहिल्या दिवशी ती ओढणी नाकाला बांधून गेली. तिथल्या प्रमुख राजेश्वरी मॅडम पन्नाशीच्या, बुटक्या, खणखणीत आवाजाच्या. त्यांनी तिला सगळा प्लँट हिंडवला आणि शेवटी म्हणाल्या, "ओढणी सोड. वास घ्यायला शीक. इथं मशिन बिघडायच्या आधी वास बिघडतो."

हवा सोडलेल्या मोठ्या टाकीजवळ त्यांनी तिला उभं केलं. खाली तपकिरी पाणी खदखदत होतं. प्रतिक्षानं श्वास रोखून धरला होता, तो शेवटी सोडावाच लागला. आणि तिला नवल वाटलं. घाण वास नव्हताच. नांगरट झालेल्या रानावर पाणी फिरल्यावर येतो तसला, मातीचा वास होता.

"हा गाळ जिवंत आहे," मॅडम म्हणाल्या. "यात कोट्यवधी जीव आहेत. लोकांनी टाकलेली घाण हे जीव खातात आणि पाणी मोकळं करतात. आपण त्यांना फक्त हवा द्यायची आणि उपाशी मरू द्यायचं नाही. आपण पाणी साफ करत नाही, प्रतिक्षा. आपण यांना सांभाळतो."

सांभाळणं हा शब्द प्रतिक्षाला घरचा वाटला. तिचा बाप तात्याबा, तिचा आबा, उभी हयात मेंढरांच्या मागं हिंडला होता. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड टाकून कोकणात, पाऊस लागायच्या बेताला परत. पोरगी शाळेत जायला लागली तसं त्यानं हिंडणं बंद केलं आणि इंदापूरपासून थोड्या अंतरावरच्या वस्तीवर होतं ते रान कसायला घेतलं. मेंढरं मात्र त्यानं पुरती मोडली नाहीत. चार लेकरांसारखी थोडी मागं ठेवली होती.

शिकाऊ वर्ष संपल्यावर इंदापूरच्या प्लँटवर जागा निघाली आणि प्रतिक्षा तिथं रुजू झाली, गावातच खोली घेऊन राहायला लागली. दोन वर्षांनी साफ झालेलं पाणी ओढ्यात सोडण्याऐवजी शेतीला द्यायची योजना आली. पाइप कुठवर न्यायचा याचा नकाशा इंजिनिअर इंद्रजित साहेबांनी टेबलावर पसरला, तेव्हा पाइपचं टोक नेमकं तिच्या वस्तीवर येऊन थांबत होतं.

"तुझीच माणसं आहेत. तूच समजावून सांग," साहेब म्हणाले.

वस्तीवरच्या मंदिरापुढं बैठक झाली. प्रतिक्षानं सगळं नीट सांगितलं. हे पाणी प्यायचं नाही, भाजीपाल्याला द्यायचं नाही, ऊस, मका आणि गवताला चालतं. तिचं बोलणं संपायच्या आत आप्पा उठला. आप्पा म्हणजे तात्याबाचा चुलतभाऊ. सगळी वस्ती त्याला आप्पाच म्हणायची. त्याचा ऊस वस्तीत सगळ्यात जास्त आणि आवाजही.

"म्हंजी इंदापूरकरांनी हागायचं आन् आमी त्ये रानात घ्यायचं?" आप्पा म्हणाला. "तात्याबा, पोरगी शिकवली ती ह्येच्यासाठी व्हय?"

लोक हसले. पण पाइप आला तेव्हा पहिली चारी, म्हणजे रानात पाणी न्यायचा चर, तात्याबानंच काढली आणि मक्याला पाणी घेतलं. आपल्या पोरीचं काम आपणच धरलं नाही तर दुसरं कोण धरणार, एवढाच त्यात हिशेब होता. मका डोक्याएवढा वाढला. ते बघून एकेक जण आला. सगळ्यात शेवटी आप्पा आला, आणि आल्यावर सगळ्यात जास्त पाणी त्यानंच घेतलं. विहिरीच्या जोरावर होत नव्हती एवढी उसाची नवी लागण त्यानं त्या वर्षी वरच्या रानात केली. प्रतिक्षा वस्तीवर गेली की आता लोक तिला चहाला बोलवायचे आणि पाणी वाढवून मागायचे. म्हाळसाच्या आवाजातही थोडी धिटाई आली होती.

मग तो उन्हाळा आला. आदल्या साली पाऊस कमी झालेला. मे महिन्यात विहिरींनी तळ दाखवला आणि वस्तीवरचं सगळं हिरवं त्या एका पाइपावर येऊन टेकलं.

एका सकाळी प्रतिक्षा प्लँटच्या फाटकातून आत शिरली आणि तिथंच थांबली. मातीचा वास नव्हता. त्याच्या जागी काहीतरी उग्र, घशाला झोंबणारं, रंगाच्या दुकानात येतं तसलं होतं. ऑपरेटर संभाजी टाकीच्या कठड्यावर वाकून बघत होता. तो या प्लँटवरचा सगळ्यात जुना माणूस.

"ताई, पहाटंपासनं फेस चढलाय," तो म्हणाला. "आन् रंग बघा."

तपकिरी गाळावर करडी कळा आली होती. प्रतिक्षानं नमुना घेतला, काचेवर थेंब ठेवून मायक्रोस्कोपला डोळा लावला. निरोगी गाळात घंटेच्या आकाराचे बारीक जीव देठावर डुलत असतात, पाणी ओढून घेतात आणि स्प्रिंगसारखे आखडतात. ती रोज त्यांना बघायची. आज देठ होते, घंटा होत्या, पण एकही हलत नव्हती. तिनं दुसरा थेंब घेतला, तिसरा घेतला. कुठंतरी एखादं काही वळवळत होतं, बाकी सगळं निपचित.

गावाच्या गटारात कुणीतरी काहीतरी ओतलं होतं. काय, ते पुण्याच्या लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत कळणार नव्हतं, आणि रिपोर्टला आठवडा तरी लागणार होता.

शेवटच्या टाकीतलं पाणी मात्र वरून बघितलं तर जरासं धुरकट, एवढंच. थोड्या वेळानं वस्तीकडचा व्हॉल्व्ह उघडायची वेळ होती. प्रतिक्षा तिथं जाऊन उभी राहिली. त्या पाइपच्या दुसऱ्या टोकाला तिच्या बापाचा मका होता आणि चारीवर तोंड लावणारी मेंढरं होती. आप्पाची वरच्या रानातली लागण होती, तिला आज पाण्याची पाळी होती. पाणी सोडलं आणि काहीच झालं नाही, असंही होऊ शकत होतं. पण काय आहे ते माहीत नसताना हे पाणी ठीक आहे असं तिला म्हणता येत नव्हतं. तिनं संभाजीला व्हॉल्व्ह बंदच ठेवायला सांगितलं आणि साहेबांना फोन लावला.

"बंद करायचा अधिकार तुला आहे," इंद्रजित साहेब म्हणाले. "पण शेतकरी इथं येणार, हे धरून चाल."

"येऊ देत, सर. मी असेन."

तिनं पाणी घेणाऱ्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप टाकला. पाण्यात रसायन आल्याचा संशय आहे, पुढची सूचना मिळेपर्यंत पुरवठा बंद, चारीत साठलेलं पाणी जनावरांना पाजू नये. मग ती कामाला लागली. उग्र वासाचं जे पाणी आत आलं होतं, ते अस्तर घातलेल्या राखीव तळ्यात वळवलं. पण तळं किती पुरणार? गावात माणसं अंघोळ करत होती, भांडी घासत होती, संडासात पाणी टाकत होती. सांडपाणी काही थांबत नाही. मागून येणारं पाणी अर्धंमुर्धं साफ करून, क्लोरिन मारून ओढ्यातच सोडावं लागणार होतं. खालच्या गावांना तसा निरोप गेला, ओढ्याकाठी फलक लागले. वस्तीकडचा व्हॉल्व्ह बंद केला म्हणून ते पाणी जगातून नाहीसं झालं नव्हतं, हे प्रतिक्षाला दिवसभर टोचत राहिलं.

दुपारी आप्पा आला. मागं वस्तीवरची चौघं-पाच जणं. तो आजवर कधी प्लँटवर आला नव्हता. फाटकातच उभा राहून त्यानं हाक मारली.

"पानी सोड, प्रतिक्षा."

"आप्पा, पाण्यात काय आलंय ते कळंना झालंय. कळल्याबिगर न्हाय सोडता येत."

"बघू दे की मला." ती आत जाऊन बाटली भरून घेऊन आली. आप्पानं ती उन्हात धरली. "ह्ये तर निवळ हाय! परवा ह्याच्यापरीस गढूळ आलं हुतं, तवा सोडलंस."

"गढूळ असलं तरी चालतं, आप्पा. हे दिसायला बरं हाय, पण आतलं सगळं मेलंय."

"माझा ऊस मरंल त्येचं काय?" आप्पाचा आवाज चढला. "घ्या म्हनून तूच दारोदार फिरलीस. आमी न्हाय न्हाय म्हनत हुतो. तुझ्या भरवशावर वरच्या रानात लागण केली आन् आता भर उन्हाळ्यात तूच तोंड बंद करतीस?"

तो म्हणत होता ते खरं होतं. ती एवढंच म्हणाली, "व्हय, मीच सांगितलं हुतं. आन् आज मीच न्हाय म्हंते."

आप्पानं बाटली तिथंच फाटकाशी ठेवली आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी ती आणि संभाजी गटाराच्या वाटेनं उलट्या दिशेनं निघाले. प्रत्येक चेंबरचं झाकण काढायचं, वास घ्यायचा, दोरीला बांधलेल्या बाटलीतून पाणी काढायचं आणि त्यात कागदाची पट्टी बुडवून रंग बघायचा. मेच्या उन्हात झाकणं तव्यासारखी तापलेली. रस्त्यानं जाणारे नाकाला रुमाल लावून पळत होते. एका वळणावर गटाराच्या दोन शाखा झाल्या. एकीत नेहमीची घाण होती, दुसरीत तो झोंबणारा वास. त्या शाखेच्या मागं मागं जाता जाता ते हायवेच्या कडेच्या एका पत्र्याच्या शेडपाशी पोचले. आवारात निळे प्लॅस्टिकचे ड्रम रचून ठेवले होते. एक मध्यमवयीन माणूस आणि त्याची बायको नळीनं ड्रम आतून धूत होते आणि धुतलेलं पाणी थेट चेंबरमध्ये जात होतं.

तो माणूस घाबरला नाही, उलट गोंधळला. "आम्ही पाणी गटारातच सोडतो, मॅडम," तो म्हणाला. "उघड्यावर कुठं सोडतोय?"

रिकामे ड्रम धुऊन शेतकऱ्यांना पाणी साठवायला विकायचा त्याचा धंदा होता. आधी त्या ड्रमांत काय होतं ते त्यालाही ठाऊक नव्हतं. बायकोच्या हाताची कातडी कोपरापर्यंत सोललेली होती. प्रतिक्षा रागानं तिथवर आली होती, पण ते हात बघून राग कुणावर काढावा ते तिला कळेना. तिनं फोटो काढले, साहेबांना कळवलं. संध्याकाळपर्यंत नगरपालिकेची माणसं येऊन त्या चेंबरकडची नळी तोडून गेली. निघताना तिनं त्या बाईला दवाखान्यात जायला सांगितलं. बाईनं मान हलवली. ती गेली की नाही ते प्रतिक्षाला कधी कळलं नाही.

आता मेलेला गाळ पुन्हा जिवंत करायचा होता. त्यासाठी विरजण लागतं, दुसऱ्या प्लँटवरचा निरोगी गाळ. तिनं राजेश्वरी मॅडमना फोन केला.

"टँकर घेऊन ये," मॅडम म्हणाल्या. "आणि रडून घ्यायचं असेल तर इथं येऊन रड, तिथं नको."

बारामतीत टँकर भरेपर्यंत दोघी कठड्याशी उभ्या होत्या. प्रतिक्षा रडली नाही, पण गेल्या काही दिवसांतलं सगळं बोलली. शेवटी तिनं विचारलं, "मॅडम, पाणी सोडलं असतं आणि काहीच झालं नसतं तर?"

"तर तुला कधी कळलंही नसतं," मॅडम म्हणाल्या. "आपलं काम असलंच आहे. जे घडलं नाही, ते कुणाला दाखवता येत नाही. नुकसान तेवढं दिसतं. मी तीस वर्षं करतेय, मलाही अजून याची सवय झालेली नाही."

टँकरच्या केबिनमध्ये बसून ती परत निघाली. सणसर मागं पडलं, दोन्ही बाजूंना पाटाच्या पाण्यावरचा हिरवागार ऊस. तो बघून तिला आप्पाची वरच्या रानातली लागण आठवत राहिली. तेवढ्यात आईचा फोन आला.

"तुझा आबा मेंढरं घेऊन गेलाय," म्हाळसा म्हणाली. "कळंबला, प्रयागबाईकडं. हितं चारा न्हाय, पानी न्हाय. परवाच चालत निघाला. मला म्हनला, पोरीला सांगू नको."

प्रयागबाई म्हणजे प्रतिक्षाची आत्या. तिच्या गावाला पाटाचं पाणी होतं. पण तात्याबाचं वय आता पायी मेंढरं घेऊन जायचं नव्हतं. गाळ टाकीत सोडून, हवेचे ब्लोअर लावून, संभाजीला सगळं समजावून प्रतिक्षा दुसऱ्या दिवशी स्कूटीवर कळंबला गेली.

तात्याबा ऊस तुटून गेलेल्या एका रानात लिंबाखाली बसला होता. रानमालकानं खतासाठी मेंढरं बसवायला सांगितली होती. भोवती वाघरीचं जाळं लावलेलं, मेंढरं उन्हानं एकमेकांच्या पोटाखाली माना घालून उभी. पोरीला बघून तो उठला नाही.

"आबा, सांगायचं तरी."

"तू सांगितलंस व्हय?" तो म्हणाला.

तिला कळलं नाही. "ग्रुपवर टाकलं हुतं की मी."

"गिरूपवर." त्यानं तो शब्द तोंडात घोळवला. "माझ्याकडं कुठला गिरूप? मी चारीवर मेंढरं घेऊन हुबा हुतो पान्याची वाट बघत. आप्पानं येऊन सांगितलं, तुझ्या पोरीनं पानी तोडलं. समद्यांच्या म्होरं. मी म्हनलं, मला ठावं न्हाय. तर हसला. गावाला सांगितलंस, बापाला न्हाय."

प्रतिक्षा त्याच्या शेजारी बसली.

"आबा, मी फोन हातात घेतला हुता," ती म्हणाली. "पर पयला तुम्हाला केला असता, तर आप्पा म्हनला असता, बापाला आधी सांगितलं, त्येनं मका भिजवून घेतला आन् मग आमचं बंद केलं. मग माझ्यावर कुणी इस्वास ठेवला असता?"

तात्याबानं जमिनीवरचा एक खडा उचलला, बघितला आणि टाकला.

"म्हंजी तू माझी लेक म्हनून मला शेवटी?"

"शेवटी न्हाय. समद्यांच्या बरोबर."

त्याला हे पटायला वेळ लागला. पुरतं पटलं की नाही तेही तिला सांगता आलं नसतं. त्यानं मेंढरांकडं बघत सांगितलं, एका साली कोकणातनं येताना घाटाखाली नाल्यावर त्यानं कळप पाण्याला लावला होता. संध्याकाळपर्यंत मेंढरांची पोटं फुगली आणि बरीच गेली. पाणी चांगलं दिसत होतं. नाल्याच्या वर काय होतं, कुणी सोडलं होतं, कधी कळलं नाही. विचारायचं कुणाला, हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

"त्या टायमाला मला वाटलं, आपलंच नशीब," तो म्हणाला. मग विचारलं, "चा घेतलास का? प्रयागाकडं जा. तिनं दूध ठिवलं असंल."

ती उठली तसा तोही उठला आणि स्कूटीपर्यंत आला.

"ऊन उतरल्यावर जा," तो म्हणाला. "आन् फोन करत जा. गिरूप न्हाय. फोन."

गाळ सावरायला जून उजाडला. पहिले काही दिवस मायक्रोस्कोपखाली नुसता चिखल दिसायचा. मग बारीक सुटे जीव पळताना दिसायला लागले. एक दिवस देठावरची एक घंटा डुलताना दिसली आणि प्रतिक्षानं संभाजीला ओरडून बोलावलं. त्यानं डोळा लावला, त्याला काही दिसलं नाही, तरी तो "झ्याक, ताई" म्हणाला.

त्याच सुमारास पुण्याचा रिपोर्ट उशिरानं आला. ड्रममधलं कीटकनाशक आणि कसलंसं सॉल्व्हंट. पाणी सुरू करायच्या आधी प्रतिक्षा वस्तीवर गेली आणि मंदिरापुढं लोकांना ते सांगितलं. आप्पाही आला होता. विहिरीजवळचा ऊस त्यानं कसाबसा राखला होता. वरच्या रानातली लागण वाळून कागद झाली होती.

"एक इचारतो," आप्पा म्हणाला. "त्या दिवशी पानी सोडलं असतंस, तर माझा ऊस जळाला असता का? खरं सांग."

सगळे तिच्याकडं बघायला लागले. जळाला असता म्हटलं की विषय संपत होता. रिपोर्ट तिच्या हातात होता आणि तो वाचणारं दुसरं कुणी तिथं नव्हतं.

"न्हाय वाटत, आप्पा," ती म्हणाली. "पाण्यात मिसळून प्रमाण कमी झालं हुतं. उसाला कदाचित काय बी झालं नसतं. चारीवर पिणाऱ्या जनावरांना झालं असतं. आन् त्या चारीत हात घालणाऱ्या माणसांना. पर त्ये बी मी कदाचितच म्हंते. त्या दिवशी मला यातलं काय बी म्हाईत नव्हतं."

"म्हंजी माझा ऊस उगाच गेला."

"उगाच न्हाय गेला. पर गेला, त्ये खरं."

आप्पा टोपी झटकून उठला. दुसऱ्या दिवशी सकाळी संभाजीनं वस्तीकडचा व्हॉल्व्ह उघडला. पाणी पोचल्याचा फोन वस्तीवरच्या दुसऱ्या कुणीतरी केला, आप्पानं नाही. चार दिवसांनी तात्याबा मेंढरं घेऊन परत आला. येताना मुद्दाम वाट वाकडी करून तो प्लँटच्या कुंपणाबाहेर थांबला, आत येण्याचं मात्र त्यानं टाळलं. "मेंढरं बाहीर हायती," म्हणाला.

जुलैत एका दुपारी आप्पा पुन्हा प्लँटच्या फाटकात दिसला. या वेळी त्याच्यासोबत त्याची मुलगी मनिषा होती. नुकतीच बारावी सायन्स झालेली, बापाच्या अर्धं पाऊल मागं. प्रतिक्षाला वाटलं, पाण्याचंच काहीतरी भांडण असेल.

"हिला तुझ्या कामाचं इचारायचंय," आप्पा म्हणाला. "मी न्हाय म्हनत हुतो. पर म्हनलं, प्रतिक्षालाच इचार. ती हाय तसं सांगंल." तो टाकीकडं बघत राहिला आणि मग आपल्याशीच बोलावं तसं म्हणाला, "त्या दिवशी खोटं बोलली असतीस तर मला काय कळनार हुतं?"

प्रतिक्षानं दोघांना सगळा प्लँट दाखवला. आप्पा कचरा अडवणाऱ्या जाळीपाशी नाक मुरडून थांबला, हवेच्या टाकीपाशी मात्र वाकून बघायला लागला. मनिषाचे प्रश्न नेमके होते. बारामतीचा कोर्स किती वर्षांचा, बाया किती असतात, रात्रपाळी असते का, नोकरी पक्की असते का. प्रतिक्षानं एकाचंही उत्तर गोड करून सांगितलं नाही. नोकरी ठेक्यावर, दरसाल धाकधूक. कपड्यांना वास लागतो, तो घरच्यांना आधी कळतो. दिवाळीच्या पहाटे सगळं गाव अभ्यंगस्नान करतं तेव्हा सगळ्यात जास्त पाणी येतं, म्हणून दिवाळीला सुट्टी नाही. स्थळं येतात, काम कळलं की काही परत जातात. आणि कधीतरी सगळं बरोबर करूनही लोक आपल्यावर नाराज होतात, कधी कधी घरचेच.

मनिषानं एकदा बापाकडं बघितलं. मग विचारलं, "मग ताई, तुमी का थांबलाय?"

प्रतिक्षानं तिला लॅबमध्ये नेलं, थेंब काचेवर घेतला आणि खुर्ची तिच्याकडं सरकवली. मनिषा बराच वेळ डोळा लावून बसली. स्क्रू फिरवायचा कसा ते प्रतिक्षानं तिला दाखवलं नव्हतं. तो तिनंच हळूहळू फिरवत नेला आणि एकदम तिचा हात थांबला.

"ह्ये आखडतंय, ताई," ती म्हणाली. "परत उघडतंय."

"अजून बघ," प्रतिक्षा म्हणाली.

आप्पा दारात उभा होता. त्याला आत यायचं होतं की नाही ते ठरत नव्हतं. थोड्या वेळानं त्यानं चपला काढल्या, जणू देवळात शिरावं तसा आत आला आणि प्रतिक्षाला हळूच विचारलं, "बारामतीला पोरींची ऱ्हायची सोय असती का गं? आन् जेवनाचं काय?"